डावा खांदा, दोन बोटं खाली

मोहन गुडघा वाकवायचा नाही. पायाला काही झालेलं नव्हतं, पँटीची इस्त्री मोडते एवढंच कारण. लग्नात पंगत बसली की हा गडी भिंतीला टेकून उभ्यानं जेवायचा. एसटीत जागा मिळाली तरी दांडी धरून उभा राहायचा. आणि बसावंच लागलं तर आधी दोन्ही मांड्यांवरचं कापड चिमटीत धरून वर ओढायचा, मग हळूच टेकायचा. शिरूर स्टँडसमोर माझं शिलाईचं दुकान आहे. अब्बांनी ते सुरू केलं, त्यांच्यामागं मी चालवतो, आणि त्यांना म्हणायचे तसं मलाही सगळे मास्तरच म्हणतात. दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक बाक आहे. पंचवीस वर्षांत मोहन त्या बाकावर कितीदा बसला असेल, ते मी बोटांवर सांगेन.

त्याची पहिली फुल पँट अब्बांनी शिवली, तो दहावीत असताना. घोड नदीच्या काठाला त्यांचं गाव, शिरूरपासून गाडीवर वीस मिनिटं. घरात उसाची शेती, आणि पँट घालणारा हा पहिलाच. पुढं आयटीआय करून तो कारेगावच्या बाजूला एका कंपनीत लागला, मशिन शॉपचा सुपरवायझर झाला, आणि मग तर विचारायलाच नको. पुढं दोन प्लेटा, खिसा तिरका, पायाची मोहरी सोळा इंच, अशी फर्माइश असायची. बाजारात रेडिमेडचा सुळसुळाट झाला, माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडं पळाली, पण हा कापड काखेत मारून माझ्याकडंच यायचा. "माणूस कमरेखाली कळतो, मास्तर," हे त्याचं लाडकं वाक्य. ते तो बायाबापड्यांसमोरही बिनदिक्कत टाकायचा आणि मी मान खाली घालून टेप गुंडाळत बसायचो.

त्याचे वडील, आबा, बरोब्बर उलटे. धोतर, बंडी आणि डोक्याला पटका, इतकंच त्यांना ठाऊक. ते बाकावर कधी बसले नाहीत. दुकानाच्या पायरीवर, खांबाला पाठ लावून उकिडवे बसायचे आणि धोतराचा सोगा उचलून मांडीवर घ्यायचे. चालतानाही तो सोगा उजव्या हाताच्या चिमटीत असायचा. त्यांच्या बंड्या मीच शिवायचो. तरुणपणापासून उसाच्या मोळ्या वाहून त्यांचा एक खांदा उतरला होता. आमच्या मापाच्या वहीत त्यांच्या नावापुढं अब्बांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, 'डावा खांदा, दोन बोटं खाली.' हे लक्षात न ठेवता बंडी बेतली की ती अंगावर वाकडी लटकायची.

बापाच्या धोतराची मोहनला लाज वाटायची. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, तो स्वतः म्हणायचा. कंपनीत एकदा फॅमिली डे होता, घरच्यांना आत नेऊन मशिनी दाखवायच्या होत्या. मोहन आबांना घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, ह्यांना पँट शिवा. आबा मुकाट मापाला उभे राहिले. चार दिवसांनी ट्रायलला आले, पडद्यामागून पँट घालून बाहेर आले आणि आरशासमोर तसेच उभे. दोन्ही हात अंगापासून लांब. आयुष्यभर मोकळे असलेले पाय त्यांना कुठं ठेवावेत कळेना.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्यात माझे पाय एकमेकाला भेटंनात."

मी हसलो, मोहन नाही हसला. तो ताडकन बाहेर गेला आणि रस्त्यापलीकडं गाडीला किक मारून उभा राहिला. आबांनी पडद्यामागं जाऊन धोतर नेसलं, पँटीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," म्हणाले. "लागंल तवा नेईन." फॅमिली डेला ते गेलेच नाहीत. ती राखाडी पँट माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात पडून राहिली. दर दिवाळीला झाडलोट करताना ती हाताला लागायची, आणि टाकवत नाही म्हणून मी ती पुन्हा वर ठेवायचो.

तीन वर्षांपूर्वी आबा गेले. तेराव्याला मामानं मोहनच्या डोक्याला पागोटं बांधलं. रीत असते म्हणून त्यानं ते बांधून घेतलं आणि घरी जाताच सोडून गाडीच्या डिकीत कोंबलं. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, कुणाला तरी देऊन टाकतात. पण त्याच्या आईनं आबांचं धोतर वलणीवरून काढू दिलं नाही. म्हातारीला काचबिंदूनं माणसाची नुसती आकृती दिसायची. सुरुवातीला ती रीतसर रडली. मग एक दिवस सकाळी उठून तिनं विचारलं, "हे कुठं गेल्यात?" आणि त्यानंतर ती वाट बघायला लागली.

तिथून तिचं जेवण सुटलं. पन्नास वर्षं धनी जेवल्याशिवाय ही बाई ताटावर बसली नव्हती, आता तरी कशी बसणार? घास पुढं केला की दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटायची. "ते येऊ द्या, मंग बघू." शिरूरच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं. दुखणं कसलंच नाही, पण असंच चाललं तर पंधरा दिवस काढणार नाही, असं सांगून त्यांनी तिला घरी पाठवलं.

पुढचं मला मोहननं सांगितलं. शेतात पाइप फुटला म्हणून तो गेला आणि चिंब भिजून आला. दारातच कपडे उतरवले आणि वलणीवर हाताला लागलं ते गुंडाळलं. ते आबांचं धोतर होतं. धोतर कसं नेसतात ते त्याला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. "मी नेसलो न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "हातानं नेसलं. निऱ्या, कासोटा, समदं. मी बघतच ऱ्हायलो." तो उंबऱ्यातून आत आला आणि आई भिंतीकडून वळली.

"आवं, आलात व्हय?" ती म्हणाली. "बसा, वाढते."

मोहन मांडी घालून बसला. तिनं चाचपडत भाकरी वाढली, तो मुकाट जेवला. मग त्याच ताटात म्हातारीनं अर्धी भाकरी खाल्ली. अकरा दिवसांनी तिच्या पोटात अन्न गेलं. सांगताना मोहनचे डोळे भरून आले होते, माझेही आले.

म्हणून तो माझ्याकडं आला होता. आई अंगावरून हात फिरवून बघते, तिच्या हाताला बंडी लागायला हवी, जुन्या तर देऊन टाकल्या, तेव्हा आबांच्या मापाची बंडी शिवून द्या म्हणाला. मी म्हटलं, अरे, ते माप तुला कसं होईल, खांद्यात वाकडी बसेल. "तशीच शिवा," तो म्हणाला. मी शिवली. घालून दाखवली तेव्हा ती खरंच डावीकडं लोंबत होती. बापाचे कपडे चोरून घातलेल्या पोरासारखा दिसत होता तो. मी त्याची टिंगलही केली. म्हटलं, मोहनराव, माणूस कमरेखाली कळतो ना? तो हसला. त्याचं मला आठवणारं मनापासूनचं शेवटचं हसू तेच.

सुरुवातीला धोतर फक्त जेवणापुरतं होतं. मग म्हातारीला न्याहारीलाही धनी लागायला लागला, मग चार वाजताच्या चहाला. पँटमधला मोहन घरात दिसला की ती विचारायची, "कोन हाय रं? धन्यास्नी भेटायला आलायस का?" कंपनीत धोतर चालणार नव्हतंच. मशिनजवळ मोकळं कापड आलं तर माणूस आत ओढला जातो, हा नियम तर तोच पोरांना शिकवायचा. तो गेटवर पँट चढवायचा आणि सुटल्यावर तिथंच उतरवायचा. पुढं पुढं त्याला चढवताना उशीर व्हायला लागला. बटण काजात जाईना, म्हणाला. वीस वर्षं ज्या बोटांनी मायक्रोमीटर धरला ती बोटं बटणाशी अडखळत होती. शेवटी त्यानं राजीनामा देऊन शेती धरली.

त्या सुमारास धोतराची मोठी हवा होती, आणि त्यात माझाही हात आहे. कॉलेजात, कंपन्यांत ट्रॅडिशनल डे करतात, त्यासाठी मी इलॅस्टिकचं धोतर शिवतो. पायजम्यासारखे पाय घालायचे, कासोटा मागं शिवलेलाच असतो. मोहनचा शेतातला एक फोटो मोबाइलवर फिरला. 'सुपरवायझरकी सोडून मातीकडं परतलेला माणूस' असं काहीतरी त्याखाली लिहिलं होतं. मग दौंडच्या एका कॉलेजानं त्याला आपल्या पोशाखाबद्दल बोलायला बोलावलं. त्याच कॉलेजाची तीस धोतरं पोचवायला मी निघालो होतो, म्हणून आम्ही एकाच एसटीनं गेलो. तो खिडकीशी बसला होता.

हॉल भरला होता. पोरं माझ्या इलॅस्टिकमध्ये, पोरी नऊवारीत. मोहन स्टेजवर गेला, माइकसमोर उभा राहिला आणि धोतराचा सोगा चिमटीत धरून खाली बघत राहिला. पोरांना वाटलं, बुजला असेल. शेवटी एका मुलीनं त्याला सोपं जावं म्हणून विचारलं, "सर, तुम्हाला धोतरात कम्फर्टेबल वाटतं का?"

"मला न्हाई," मोहन म्हणाला. "त्यांना वाटतं."

"कुणाला?"

"ज्यांचं हाय त्यांना."

पोरं हसली, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी पूर्वज, परंपरा असं जोडून वेळ निभावून नेली. मी मागच्या रांगेत होतो, मला टाळी वाजवता आली नाही. परत येताना दौंडच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. मी चहा घेऊन आलो तर मोहन बाकावर नव्हता. तो खांबाला पाठ लावून उकिडवा बसला होता, सोगा उचलून मांडीवर घेतला होता. भर दुपारी, माणसांच्या गर्दीत मी चहा धरून तिथंच थांबलो. त्याच्या अंगातली बंडी मीच शिवलेली होती. आता ती वाकडी लोंबत नव्हती. खांद्यावर चपखल बसली होती.

चहा पिताना मी धीर करून विचारलं, हे सोडणार कधी? त्यानं बशीवर फुंकर मारली. "सोडलं तर म्हातारी जेवायची थांबती," म्हणाला. "न्हाई सोडलं तर सुनी जाती. सांगा मास्तर, कुणाला उपाशी ठिवू?"

सुनी म्हणजे सुनीता, त्याची बायको. यवतची. भावाचा तिथं हायवेला ढाबा आहे. ती एकदा एकटीच दुकानात आली. मोहनच्या सात पँटी धुऊन, इस्त्री करून आणल्या होत्या. ह्या पँटींच्या पिशव्या शिवायला त्यांनीच सांगितलंय, म्हणाली. मी पँटी घेतल्या, तरी ती जाईना. पाणी दिलं, तेव्हा बोलायला लागली. आदल्या दिवशी दुपारी ती ओसरीवर चहा घेऊन गेली. मोहन भिंतीशी बसला होता. ती चहा ठेवायला वाकली आणि डोक्यावर पदर आला. सासरे समोर असले की सुनेचा पदर आपसूक डोक्यावर जातो, तिला पंधरा वर्षांची सवय. पण हा नवरा होता. हात वर गेला तेव्हा तिच्या लक्षातही आलं नाही, लक्षात आलं ते मोहननं बघितल्यावर.

"आन् काय म्हणाले म्हायतीये?" ती म्हणाली. "म्हणाले, ठेव तिथं, सूनबाई."

मी म्हटलं, आई ऐकत असेल, तिच्यासाठी म्हणाला असेल.

"आत्याबाई आत झोपल्या व्हत्या, मास्तर," ती सासूबद्दल म्हणाली. "ओसरीवर आम्ही दोघंच."

दुसऱ्या दिवशी ती यवतला माहेरी गेली. मी त्या पँटींच्या पिशव्या केल्या नाहीत, माझ्यानं कात्री लावेना.

म्हातारी त्यानंतर आठ महिने जगली, आणि चांगली जगली. अंगानं भरली, ओव्या म्हणायला लागली, कपाळाला पुन्हा कुंकू लावायला लागली. भावकीतल्या बायका कुजबुजायच्या, पण तोंडावर कुणी बोललं नाही. गेली ती दुपारचं जेवून, पान तोंडात असताना. मी मातीला गेलो होतो. नवरा असताना बाई गेली तर तिला हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात. ही तर विधवा, म्हणून बायकांनी पांढरं काढून ठेवलं होतं. मोहन आत आला आणि उंबऱ्याशी थांबला.

"हिरवं नेसवा," तो म्हणाला.

एक म्हातारी चुलती धीर करून बोलली, "आरं मोहना, तुझा बाप जाऊन दोन वर्सं झाली."

मोहन तिच्याकडं बघत राहिला. थोड्या वेळानं चुलतीनंच मान खाली घातली आणि हिरवं लुगडं आणायला सांगितलं. मळवट भरला, चुडा भरला, ओटी भरली. मी बाहेर उभा होतो. आमच्यात माणसाला शेवटी कफन म्हणून बिनशिलाईचंच कापड देतात, आयुष्यभर शिलाई करणाऱ्या मला अशा वेळी ते हमखास आठवतं. त्या दिवशी मात्र मला दुसरंच वाटत होतं. वाटत होतं की आत दोन माणसांचा निरोप चाललाय, आणि त्यातलं एक आपल्या ओळखीचं नाही.

मला मनापासून वाटलं होतं की आता संपलं. ज्या कामासाठी धोतर नेसलं ते काम झालं. सुनीतालाही तेच वाटलं. महिन्याभरानं भावाच्या मध्यस्थीनं ठरलं की मोहननं पँट-शर्ट घालायचा, कारेगावला पुन्हा कामाचं बघायचं आणि तिनं नांदायला यायचं. यंदाच्या संक्रांतीनंतर दोघं दुकानात आले. तिनं पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी गळ्यात. सासरी साडीशिवाय न वावरलेली बाई, पण चेहऱ्यावर उमेद दिसत होती. मला म्हणाली, पैल्यासारखी शिवा, मास्तर, दोन प्लेटांची. ती बाकावर बसली. मोहन अजून धोतरातच होता. तो पायरीवर बसू लागला, तिनं हाताला धरून उठवलं.

त्याच्या सात पँटी कपाटात होत्या, पण मला वाटलं, नव्यानं माप घेऊ. मी टेप काढला. कंबर, मांडी, लांबी. मग शर्टासाठी खांदा धरला आणि माझा हात तिथंच थांबला. डावा खांदा दोन बोटं खाली होता. मी पुन्हा धरला. माणूस कष्टानं बदलतो, आता शेतीच करतो, मोळ्या उचलत असेल, असं मी मनाला सांगत होतो. पण टेप कमरेलाही तेच सांगत होता, लांबीलाही तेच. वहीतलं आबांचं पान मला पाठ आहे. सुनीता ऐकत होती, म्हणून मी तोंडानं मोहनची जुनी मापं म्हणत गेलो. कोण खोटं बोलायला लावत होतं मला, माहीत नाही.

टेप गळ्यात टाकला तेव्हा मोहन बोलला.

"नवी कशाला शिवता, मास्तर? माझी हाय की तुमच्यापाशी. राखाडी."

मी म्हटलं, ती आबांची.

"लागंल तवा नेईन म्हणलो व्हतो न्हवं?" तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात.

आबा हे वाक्य बोलले तेव्हा मोहन रस्त्यापलीकडं गाडी चालू करून उभा होता. घरी जाऊन आबांनी सांगितलं असेल. सांगितलंच असेल, मी अजूनही तेच म्हणतो. त्या वेळी मी स्टुलावर चढलो आणि वरच्या कप्प्यातून पँट काढून त्याच्या हातात दिली. सुनीतानं घरून आणलेला शर्ट, पट्टा आणि बूट घेऊन तो पडद्यामागं गेला. सुनीता माझ्याकडं बघून हसली, तिला वाटलं काम लवकर झालं.

पडदा सरकला. पँट कुठं तसूभर कमी नाही, जास्त नाही. आत खोचलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट, पट्टा, पायात बूट. नखशिखांत सुपरवायझर. तो आरशासमोर गेला नाही. दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो सुनीतासमोर उभा राहिला आणि तिच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, आणि तिचा हात गळ्यातल्या ओढणीकडं गेला. तिनं ओढणी उचलली, डोक्यावर घेतली, कपाळापर्यंत ओढली आणि बाकावरून उठून बाजूला भिंतीशी उभी राहिली. मग तिला कळलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली वळवली.

ती ओढणी तिनं काढली नाही. "चला," एवढंच म्हणाली.

मी दारापर्यंत आलो. दोघं रस्ता ओलांडून स्टँडकडं निघाले होते. मोहन पुढं, ती चार पावलं मागं, मान खाली घालून. मधे एक ट्रक आला तेव्हा तो थांबला, ती मागं तितकंच अंतर ठेवून थांबली. ट्रक गेला. मोहननं उजवा हात खाली नेला, पँटीपासून वीतभर लांब हवेत चिमटी धरली, काहीतरी अलगद वर उचललं आणि रस्ता ओलांडला.